‘फ्लॅग लावा, एक्स्पंज करा, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वेब अॅप्लिकेशनमधून मेल डिलीट कसे करावेत यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: “डिलिटेड फ्लॅग लावा, लगेच एक्स्पंज करा, विषय संपला. यूआयडीचा एवढा बाऊ ज्यांनी प्रत्यक्ष काम केलेलं नाही तेच करतात.” (डिलिटेड फ्लॅग म्हणजे ‘हा मेल काढायचा आहे’ अशी खूण, एक्स्पंज म्हणजे खूण केलेले मेल कायमचे काढणारी कमांड, आणि यूआयडी म्हणजे फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला सर्व्हरने दिलेला स्वतंत्र आकडा.) पुढे लेखातली यूआयडीची कमांड प्रत्येक सर्व्हरवर चालत नाही असं म्हणून ट्रॅशमध्ये अडकणारी जागा, पॉप (मेल उतरवून घेण्याचा साधा प्रोटोकॉल) आणि लेखाच्या लांबीवरही तक्रार आहे. मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण तुमचं दुसरं वाक्य मेलबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. ओळख ना पाळख, एक लेख वाचून मी काम केलंय की नाही याचा निवाडा तुम्ही करून मोकळे झालात. मुद्दा तांत्रिक असताना ही भाषा कशाला लागते?

तेव्हा आधी तेच सांगतो. नोकरीची बरीच वर्षं मी वेबमेलचाच कोड सांभाळला, पीएचपीत आणि जावातही. ग्राहकाचा नको तो मेल उडाला की रात्री बॅकअप उपसत बसणं माझ्याच वाट्याला यायचं. एका कंपनीत माझ्या हाती आलेला कोड अगदी तुमच्या वाक्याबरहुकूम होता: फ्लॅग, लगेच एक्स्पंज, पुढचा मेल.

तो काय करायचा ते बघा. ग्राहकाने यादीतले ४, ५ आणि ६ क्रमांकाचे मेल निवडले. लूपने, म्हणजे निवडलेल्या मेलवर एकेक करून फिरणाऱ्या कोडने, ४ ला फ्लॅग लावला, एक्स्पंज केलं. आयमॅपमध्ये, म्हणजे सर्व्हरवरचे मेल हाताळण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, एक मेल गेला की त्यापुढचे सगळे क्रमांक एकाने खाली येतात. म्हणजे ५ चा झाला ४, ६ चा झाला ५. लूपला याचा पत्ताच नाही. तो ५ उडवतो, तो असतो मूळचा ६. मग ६ उडवतो, तो असतो मूळचा ८. मूळचा ५ ग्राहकाला नको होता, तो इनबॉक्समध्ये तसाच राहिला. ८ त्याने निवडलाच नव्हता, तो कायमचा गेला. एरर कुठेच नाही, लॉगमध्ये प्रत्येक वेळी ‘ओके’.

लूप उलटा, शेवटच्या मेलपासून फिरवा म्हणाल. फिरवा, पण त्याने एका रिक्वेस्टपुरतं निभतं. यादी दाखवताना सर्व्हरशी एक कनेक्शन असतं आणि ग्राहक बटण दाबतो तेव्हा बहुधा दुसरंच. तेवढ्यात त्याच्या फोनने आधीचा एखादा मेल काढला, की पानावरचा ७ आणि सर्व्हरवरचा ७ हे वेगवेगळे मेल झाले. डेस्कटॉपवरचा प्रोग्राम कनेक्शन उघडं ठेवून बसतो, त्याला सर्व्हर असे बदल कळवतो. दर पानाला नवं कनेक्शन उघडणाऱ्या आपल्या कोडला कोण कळवणार? यूआयडी याचसाठी आहे. फोल्डरची यूआयडीव्हॅलिडिटी (त्यातले आधीचे यूआयडी अजून लागू आहेत का हे सांगणारा आकडा) बदलत नाही तोवर एका मेलचा यूआयडी दुसऱ्या कुठल्या मेलला मिळत नाही. पानाबरोबर दोन्ही आकडे ठेवायचे आणि डिलीट करण्याआधी यूआयडीव्हॅलिडिटी ताडून बघायची. याला तुम्ही बाऊ म्हणता?

आता ‘लगेच एक्स्पंज’. साधं एक्स्पंज फक्त तुम्ही निवडलेला मेल काढत नाही, त्या फोल्डरमध्ये डिलिटेड फ्लॅग लागलेले सगळेच मेल काढतं. काही मेल प्रोग्राम डिलीट केलेल्या मेलवर नुसती रेघ मारून ठेवतात, हवा तर परत घेता यावा म्हणून. अशा माणसाने तुमच्या वेबमेलमध्ये एक जाहिरात डिलीट केली, की रेघ मारून ठेवलेले त्याचे सगळे मेल तिच्याबरोबर गेले. ठरावीक मेलच काढणारी ‘यूआयडी एक्स्पंज’ ही कमांड आयमॅपच्या यूआयडीप्लस या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे जोडसुविधेत, १९९८ पासून आहे. ट्रॅशमध्ये हलवायला ‘मूव्ह’ २०१३ पासून आहे, आणि आयमॅपच्या २०२१ च्या आवृत्तीत, आयमॅप४रेव्ह२ मध्ये, तर दोन्ही मूळ प्रोटोकॉलचाच भाग झाल्या.

यूआयडीप्लस प्रत्येक सर्व्हरवर नसतं, हे तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. सर्व्हरला आधी कॅपॅबिलिटी, म्हणजे त्याला काय काय जमतं ते, विचारून घ्यावी, अशी ओळ लेखात वाढवली आहे.

बाकीच्याबद्दल फार लिहीत नाही. पॉपमध्ये फोल्डरच नसतात, तो त्या लेखाचा विषय नव्हता. ट्रॅशमुळे जागा अडकते म्हणता, तर तो ठरावीक दिवसांनी रिकामा करणं सर्व्हर चालवणाऱ्याने बघावं. लेख लांब वाटला असेल तर नुसता कोड वाचा.

एक करा. चाचणीसाठी एक मेलबॉक्स घ्या, त्यात दहा मेल टाका आणि तुमचा लूप ४, ५, ६ वर चालवा. मागे कुठले मेल उरले ते इथे लिहा, त्यावर मी हवं तेवढं बोलायला तयार आहे. माझ्या अनुभवावर पुन्हा घसरलात, तर उत्तर मिळणार नाही.