जुना फोन मंद होतो म्हणून अपडेट बंद? हे करू नका

एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: स्टीव्ह जॉब्ज गेले आणि अ‍ॅपलची कल्पकता संपली, दरवर्षी तोच आयफोन नव्या रंगात येतो, बाकी सगळी इतरांची नक्कल, आणि नवं काही सुचत नाही म्हणून कंपनी अपडेटमधून जुने फोन मुद्दाम मंद करते, तेव्हा ‘अपडेट कधीही करू नका’. पहिली तीन विधानं सोडूनही देता आली असती. पण चौथं वाचून घरातल्याच सत्तरीच्या माणसाने फोनचं आपोआप होणारं अपडेट बंद करून टाकलं. म्हणून सुरुवात चौथ्यापासूनच.

‘अपडेटने जुने फोन मुद्दाम मंद करतात’

यात अर्धं सत्य आहे, आणि त्याला अ‍ॅपल स्वतःच जबाबदार आहे. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस (आयफोन चालवणारी मूळ प्रणाली) १०.२.१ ने आयफोन ६, ६एस आणि एसई यांचा प्रोसेसर काही परिस्थितीत हळू चालवायला सुरुवात केली आणि ग्राहकांना ते नीट सांगितलं नाही. डिसेंबरमध्ये गीकबेंच या चाचणी-सॉफ्टवेअरच्या जॉन पूल यांनी आयओएसच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर फोनना मिळालेल्या गुणांचे आलेख मांडले, तेव्हा प्रकरण पेटलं. २८ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणली. फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड झाला, आणि तो माहिती दडवल्याबद्दल होता. दंडाचं कारण मेसेजमध्ये कुठेच येत नाही.

पूल यांचे आलेख मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा पाहायला हवे होते. आयओएस १०.२ वर ६एसचा आलेख एकशिखरी आहे, म्हणजे बहुतेक फोनना जवळपास सारखेच गुण आहेत. १०.२.१ नंतर मोठं शिखर तिथेच राहतं आणि खालच्या गुणांवर काही छोटी शिखरं उगवतात. सरसकट सगळे फोन मंद केले असते तर अख्खा आलेखच खाली सरकला असता. एकाच मॉडेलचे काही फोन मंद आणि काही पूर्ण वेगात, हे मॉडेल जुनं झाल्यामुळे होत नाही. फरक बॅटरीचा होता.

लिथियम-आयन बॅटरी झिजते तशी तिची साठवणक्षमता घटते आणि अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, तोही वाढतो. कॅमेरा उघडला की प्रोसेसर क्षणभर एकदम जास्त करंट ओढतो. करंट गुणिले रोध एवढा व्होल्टेज बॅटरीच्या आतच खर्ची पडतो. उरलेला व्होल्टेज फोनमधल्या भागांना लागणाऱ्या किमान पातळीखाली गेला की फोन त्यांना वाचवण्यासाठी बंद होतो. थंडीत रोध आणखी वाढतो. चार्ज तीस-चाळीस टक्के दिसत असताना फोन अचानक विझायचे ते यामुळे. १०.२.१ ने करंटची ती क्षणिक उसळी कापली. नवी बॅटरी बसवली की वेग परत येतो. नवा फोन विकण्यासाठी रचलेला डाव इतक्या स्वस्तात मोडला नसता.

मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ पासून हे लपलेलंही नाही. सेटिंग्जमध्ये बॅटरी, मग बॅटरी हेल्थ उघडा. कमाल क्षमता टक्क्यांत दिसते, आणि वेगावर बंधन असेल तर तसं लिहिलेलं असतं. बंधन एकदा फोन अचानक बंद पडल्यानंतरच लागतं आणि तिथूनच काढताही येतं. मात्र फोन पुन्हा तसाच बंद पडला तर ते परत लागू होतं. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बेताने बनवल्या आहेत, १५ पासून पुढच्या १००० चक्रांनंतर. आकडा ८० च्या खाली गेला असेल तर बॅटरी बदला, फोन नव्हे.

मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन गरम आणि जड वाटतो, हेही खरं. फोटो आणि शोधाची सूची आतल्या आत नव्याने बनत असते. आधी बॅकअप घ्या, काही जीबी जागा मोकळी करा आणि रात्री चार्जर व वायफायवर अपडेट लावा. फार जुन्या प्रोसेसरवर नवी आवृत्ती थोडी जड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अपडेट न करण्याची किंमत पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनवरचा हल्ला उघड केला. जीआयएफ (हलतं चित्र) असल्याचं भासवणाऱ्या पीडीएफ फायली आयमेसेज या अ‍ॅपलच्या संदेशसेवेवर येत होत्या आणि मालकाने कशालाही हात न लावता फोन ताब्यात जात होता. १३ सप्टेंबरच्या आयओएस १४.८ ने सॉफ्टवेअरमधलं ते भोक बुजवलं. असे महागडे हल्ले सामान्य माणसावर होत नाहीत, मान्य. पण दुरुस्ती प्रसिद्ध झाली की भोक नेमकं कुठे होतं ते इतर चोरांनाही शोधता येतं, आणि अपडेट न केलेले फोन आयते सापडतात.

आणखी एक गोष्ट. २०१३ च्या आयफोन ५एससाठी सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२३ मध्ये, आयओएस १२.५.७ म्हणून आली. जुने फोन मारायला निघालेली कंपनी नऊ वर्षांपूर्वीच्या फोनची डागडुजी कशाला करेल? तेव्हा सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स: हे चालू करा.

‘जॉब्ज गेले, कल्पकता गेली’

नवेपण फक्त बाहेरच्या आकारात शोधलं तर असं वाटेल. काम आत, चिपमध्ये झालं. २००८ मध्ये, जॉब्ज असतानाच, पी. ए. सेमी ही चिप आखणारी कंपनी विकत घेतली गेली. २०१३ मध्ये ५एससोबत फोनमधली पहिली ६४-बिट (एका वेळी जास्त माहिती हाताळणारी) चिप आली. २०२० च्या नोव्हेंबरात मॅक संगणकांसाठी एम१ ही चिप आली: १६०० कोटी ट्रान्झिस्टर (अतिसूक्ष्म स्विच), आणि प्रोसेसर व ग्राफिक्स यांची मेमरी एकच, त्यामुळे माहितीची इकडून तिकडे नक्कल करण्याचा खर्च वाचला. तिच्यामुळे मॅकबुक एअर या लॅपटॉपमधला पंखाच गेला.

‘दरवर्षी तोच फोन’

आकाराबद्दल बरोबर आहे. वर्षाला नवा फोन घेण्याइतका बदल होत नाही, आणि घेऊही नये. मात्र चेहऱ्यावर ३०,००० हून जास्त अदृश्य ठिपके टाकून त्याचा खोलीसह नकाशा घेणारं फेस आयडी २०१७ चं आहे, जॉब्जनंतरचं.

‘सगळी नक्कल’

मग जॉब्जच्या काळातलंही खोडा. एमपी३ प्लेअर १९९८ मध्ये, अ‍ॅपलच्या आयपॉड या संगीत-प्लेअरच्या तीन वर्षं आधी, बाजारात होते. अनेक बोटांचा स्पर्श ओळखण्याचं तंत्र फिंगरवर्क्स या कंपनीकडून २००५ मध्ये घेतलेलं होतं. दुसऱ्याचं अर्धवट तंत्र उचलून वापरण्याजोगं करणं ही या कंपनीची पहिल्यापासूनची रीत आहे. आधीच्या कामाला प्रतिभा आणि नंतरच्या कामाला चोरी म्हणता येत नाही.

टीका करायचीच तर जागा आहेत. २०१७ मध्ये जाहीर केलेली एअरपॉवर ही चार्जिंगची चटई २०१९ मध्ये गुंडाळली. आयफोनमधलं यूएसबी-सी हे चार्जिंगचं सामायिक पोर्ट युरोपीय संघाच्या नियमाची मुदत डोक्यावर आल्यावर आलं. आणि सिरी ही बोलून वापरायची मदतनीस २०११ पासून हाताशी असूनही मागे पडली: तिचं माणसागणिक उत्तरं देणारं रूप जून २०२४ मध्ये दाखवलं आणि मार्च २०२५ मध्ये लांबणीवर टाकलं. मेसेज एवढ्यावरच लिहिला असता तर खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं.