छोट्या खोलीतल्या गाण्याला वेगळा नियम हवा

डिसेंबर जवळ आला की पुण्यात तोच वाद पेटतो. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वीसारखा रात्रभर व्हायला हवा, असं एक बाजू म्हणते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची मर्यादा एकदा सोडली तर उद्या डीजेच्या भिंतीही पहाटेपर्यंत वाजतील, असं दुसरी. मँचेस्टरमध्ये बसून मी दोन्ही बाजू वाचतो आणि मला दोघांचंही पटतं. घरात आजारी माणूस असताना ज्यांनी गणपतीत खिडक्यांची थरथर सोसली आहे, त्यांना रसिकतेचे धडे कोणत्या तोंडाने द्यायचे? आणि भीमसेनजींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या महोत्सवात पहाटेचा राग ललित आता पहाटे ऐकायला मिळत नाही, ही हळहळही खरी आहे.

पण या सगळ्यात छोट्या जागेचं नाव कोणी काढत नाही. एकीकडे हजारोंचा मंडप, दुसरीकडे ट्रकवरची भिंत. मधली साठ-सत्तर माणसांची खोली कोणाच्या खिजगणतीत नसते. गाणारा तयार होतो तो मात्र तिथेच. समोर हाताच्या अंतरावर जाणकार बसलेला असतो, त्याची मान हलली नाही की गाणाऱ्याला त्याच क्षणी कळतं. मोठ्या मंचावरच्या झगझगीत दिव्यांत श्रोत्याचा चेहराच दिसत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 साली लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट आला. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागेत सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळात, श्रोत्यांची संख्या मर्यादेत असेल तर स्पीकर लावून गायला वेगळा परवाना लागत नाही. ही मर्यादा आधी 200 होती, 2015 मध्ये 500 झाली. विनास्पीकर गाण्याला तर संख्येचीही अट नाही. जागा केवढी आणि माणसं किती, हे कायदा आधी विचारतो, ही मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते.

पबच्या वरच्या मजल्यावर अशा खोल्या असतात. कोपऱ्यात ड्रम, शेजारी दुमडलेल्या खुर्च्या, आणि काही ठिकाणी भिंतीवर आवाज मोजणारी एक डबी. आवाज चढला की तिचा हिरवा दिवा पिवळा होतो. लाल होऊन तसाच राहिला तर ती स्टेजची वीजच तोडते. ड्रमवाला एक डोळा त्या दिव्यावर ठेवून वाजवतो आणि तरीही मनापासून वाजवतो.

तंटे इथेही होतात. मँचेस्टरच्या ओल्डहॅम स्ट्रीटवरचं, मैफलींसाठी ओळखलं जाणारं नाइट अँड डे कॅफे 1991 पासून चालू आहे. शेजारच्या फ्लॅटमधून तक्रार आली, 2021 मध्ये महापालिकेने आवाजाची नोटीस दिली आणि निकाल लागायला 2024 उजाडलं. नोटीस पूर्णपणे रद्द झाली नाही, पण मैफली वाचल्या. असे तंटे नव्या इमारतींसोबत आधीच ओढवून घेऊ नयेत म्हणून 2018 मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात एक तत्त्व आलं: चालू असलेल्या संगीताच्या जागेशेजारी कोणी नवी घरं बांधणार असेल, तर आवाज अडवण्याची सोय त्यानेच करायची.

म्हणून इथलं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. पबमधलं गाणं बिअरच्या विक्रीवर जगतं, त्यामुळे भाडं आणि वीजबिल वाढलं की खोलीला कुलूप लागतं. स्टेडियमच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड छोट्या जागांना मिळावा, अशी अशाच जागांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेची मागणी आहे. 2024 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनेही तशी शिफारस केली. शिवाय गाणं चालू असताना मागे गप्पा रंगलेल्या असतात. एका चहावर तीन तास ख्याल ऐकणारा श्रोता ही आपली श्रीमंती आहे, ती मला इथे फार क्वचित दिसते.

आणि आपला कायदा समजतो तितका आंधळा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्यापुरत्या वापराला अपवाद आहे. सणासमारंभांना मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस देऊ शकतं, आणि सगळी भांडणं त्या 15 दिवसांवरून होतात. बंदिस्त जागेचा अपवाद कोणी मागायलाही जात नाही. छोट्या सभागृहांना भिंती आणि दारं आवाजबंद करायला महापालिकेने मदत केली, तर हा अपवाद कागदावरून खोलीत येईल.

दुसरी गरज अधिक तातडीची आहे. पेठांमध्ये वाडे पडताहेत, इमारती चढताहेत. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या जागेला खेटून उद्या दहा मजले उभे राहिले आणि नव्या रहिवाशांनी तक्रार केली, तर आज पारडं सहज तक्रारदाराकडे झुकेल. जाड काचा आणि नीट बसणाऱ्या खिडक्या बिल्डरने लावाव्यात, अशी अट बांधकामाला परवानगी देतानाच घालता येते.