पॅराशूटशिवाय पडलेला तोफची आणि पोस्टमधून गळालेले चौघे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्ट पुन्हा फिरतेय. दुसऱ्या महायुद्धातला निकोलस अल्कमेड हा ब्रिटिश सैनिक पॅराशूट न घेताच विमानात चढला, १८,००० फुटांवरून पडला, मऊ बर्फामुळे अंगावर ओरखडाही आला नाही आणि थक्क झालेल्या जर्मनांनी त्याला सन्मानाने सोडून दिलं. शेवटी ठळक अक्षरांत: देव तारी त्याला कोण मारी!

माणूस खरा आहे, उंचीही खरी आहे. बाकी जवळपास सगळं चुकीचं आहे, आणि या चुकांनी त्याच्यावर आणि त्याच्या सोबत्यांवर अन्याय होतो.

पॅराशूट तो विसरला नव्हता. तो लँकेस्टर या बाँबफेकी विमानाच्या शेपटीतला तोफची होता, आणि तिथला तोफचीचा फिरता घुमट इतका अरुंद असे की पॅराशूट बांधून आत बसणं जमत नसे. ते घुमटाच्या दारामागे, विमानाच्या पोटात अडकवलेलं असे. २४ मार्च १९४४ च्या रात्री बर्लिनवर बाँब टाकून परतताना जर्मन विमानाच्या माऱ्याने लँकेस्टर पेटलं. वैमानिकाने उड्या मारायला सांगितलं. २१ वर्षांच्या अल्कमेडने मागचं दार उघडलं, तर पॅराशूट डोळ्यांदेखत जळत होतं. तोंडावरच्या ऑक्सिजन मास्कचं रबर वितळायला लागलं होतं. जळून मरण्यापेक्षा पडून मेलेलं बरं, एवढाच विचार करून त्याने घुमट फिरवला आणि पाठीवर स्वतःला बाहेर झोकून दिलं.

ही निवड करायला काय लागलं असेल! पोस्टने तिचा विसरभोळेपणा करून टाकला.

आता तो वाचला कसा? आधी झाडं, मग बर्फ. पाइनच्या लवचिक फांद्यांनी वेग खाल्ला आणि उरलेला धक्का बर्फाने घेतला. नुसत्या बर्फाच्या भरवशावर तो जगला असता असं मला वाटत नाही. उंचीचं मात्र वाटतं तेवढं महत्त्व नाही. पडणारा माणूस साधारण अर्ध्या किलोमीटरमध्ये ताशी १९०-२०० किलोमीटरचा वेग गाठतो. मग हवेचा विरोध वजनाला तोलून धरतो आणि वेग फारसा वाढत नाही. खरा प्रश्न असतो थांबायला किती अंतर मिळालं याचा. ते अंतर त्याला फांद्यांनी दिलं.

ओरखडा नाही, हेही खोटं. आगीने तो भाजला होता आणि पाय असा मुरगळला होता की चालवेना. शुद्धीवर आला तेव्हा फांद्यांतून चांदण्या दिसत होत्या. त्याने सिगारेट पेटवली आणि थंडीत गोठून मरू नये म्हणून गळ्यातली शिट्टी वाजवून लोकांना बोलावलं. म्हणजे शत्रूलाच. त्या काळी खाली पडलेल्या बाँबर सैनिकांना चिडलेल्या जमावाने ठार मारल्याच्या घटना जर्मनीत घडत होत्या.

आणि सोडून दिलं? मुळीच नाही. पॅराशूटशिवाय उतरलो म्हणतो, म्हणजे हेर असणार, अशा संशयाने त्याची उलटतपासणी झाली. पॅराशूटच्या पट्ट्यांची शिवण उसवलेली नव्हती, विमानाच्या सांगाड्यात जळक्या पॅराशूटचे अवशेष सापडले, तेव्हा कुठे त्याचं म्हणणं खरं ठरलं. मग काय, युद्धकैदी म्हणून छावणीत रवानगी. सुटका थेट मे १९४५ मध्ये. छावण्यांमधला तो शेवटचा हिवाळा कसा होता? रेड क्रॉसकडून येणारी खाण्याची पार्सलं आटली होती आणि रशियन फौजा जवळ येताच हजारो कैद्यांना बर्फातून पायी हाकललं गेलं. तो पडला त्याच रात्री सागान (आता पोलंडमध्ये) इथल्या जर्मन छावणीतून ७६ वैमानिक कैदी भुयारातून निसटले होते. त्यांतल्या पकडलेल्या ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या. असा होता तो ‘सन्मान’ करणारा शत्रू.

सगळ्यात जास्त मला टोचते ती शेवटची ओळ. त्या विमानात सात जण होते. वैमानिक न्यूमन आणि आणखी तिघे मेले. त्यांच्या कबरी हॅनोव्हरच्या युद्धस्मशानभूमीत आहेत. त्या एका रात्रीत ब्रिटनची ७२ विमानं बर्लिनच्या मोहिमेतून परतली नाहीत. यांना कुणी तारलं नाही, असं त्यांच्या आयांना म्हणाल का?

पोस्ट पुढे पाठवायचीच असेल तर ती ओळ काढा आणि तिथे न्यूमनचं नाव लिहा.