जुळले तेवढेच द्या, अख्खी ओळ नको

एका साध्या कामापायी गेले तीन दिवस माझे डोके तापलेले आहे. आमच्या तालुक्याच्या इतिहासावरचे सुमारे चारशे पानांचे हस्तलिखित माझ्या संगणकावर आहे, आणि त्यात आलेला प्रत्येक सन, म्हणजे १८१८, १८५७, १९६० असा चार अंकी आकडा, तो कुठे आला आहे त्या ठिकाणासह मला सूचीसाठी वेगळा काढून हवा आहे. मी वर्षानुवर्षे ईमॅक्स या एडिटरमध्ये लिहितो. त्याच्या पोटात लिस्प ही अख्खी प्रोग्रामिंगची भाषा बसवलेली आहे, त्यामुळे मनात येईल ते त्याच्याकडून करून घेता येते, असे त्याचे चाहते सांगतात आणि मीही आजवर चारचौघांत सांगत आलो. त्याच एडिटरला ‘या रेग्युलर एक्स्प्रेशनशी (शोधायच्या मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राशी) मजकुरातले जे जे जुळते ते सगळे मला यादी करून दे’ एवढी एक गोष्ट सरळपणे करता येऊ नये, याचा मला मनस्वी राग आला आहे.

ईमॅक्समध्ये शोधासाठी ऑकर नावाची आज्ञा आहे, हे मला ठाऊक आहे. ती जुळणी सापडलेली अख्खी ओळ दाखवते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते पुरत असेल, कारण त्याची ओळ बोटभर असते; पण गद्य लिहिणाऱ्याचा परिच्छेद म्हणजे एडिटरच्या लेखी एकच ओळ, आणि माझे परिच्छेद दोन-दोनशे शब्दांचे आहेत. सन मागितले तर ऑकरने जवळजवळ निम्मे पुस्तकच माझ्यासमोर पुन्हा ओतले. ही ओळीची सवय मला तरी एड या जुन्या युनिक्स एडिटरच्या काळातली दिसते. तेव्हा टेलिटाइपच्या कागदावर एकेक ओळ छापून बघावी लागत असे, आणि ग्रेप या युनिक्सच्या शोध-आज्ञेचे नावसुद्धा एडमधल्या ‘जुळणाऱ्या सगळ्या ओळी छाप’ या आज्ञेवरूनच पडले. पण ग्रेपलाही पुढे फक्त जुळलेला भाग छापण्याची सोय मिळाली आणि ती एका अक्षराच्या पर्यायाने चालते. मग ऑकरने ओळीलाच का चिकटून बसावे?

तशी सोय ऑकरमध्येही आहे, पण ती दडवून ठेवल्यासारखी आहे. आधी कंट्रोल-यू दाबून मग ऑकर चालवले, तर ते ओळींऐवजी फक्त जुळलेले तुकडे गोळा करते. हे मला कोणत्याही मेनूने सांगितले नाही. बरे, ते सापडल्यावर तरी काम व्हावे! एरवी ऑकरच्या यादीत ओळीचा क्रमांक असतो आणि एंटर दाबताच मूळ जागी जाता येते. तुकडे गोळा करायला सांगितले की क्रमांकही जातो आणि मागे जाण्याची वाटही बंद होते. हाती उरते ती नुसत्या आकड्यांची उतरंड. १८५७ हा सन पुस्तकात आला आहे हे मला ठाऊकच होते, तो कुठे आला आहे यासाठी तर मी हा सगळा खटाटोप करत होतो.

यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले असते: ‘चार ओळींचे फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम, स्वतः लिहा.’ या उत्तराचा मला सर्वाधिक संताप येतो, कारण त्या चार ओळींत किती खड्डे आहेत हे कोणी सांगत नाही. री-सर्च-फॉरवर्ड ही पुढची जुळणी शोधणारी आज्ञा लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा, फिरवायची, तर तिला ‘काही सापडले नाही तर एरर देऊ नकोस’ असे सांगणारा तिसरा आर्ग्युमेंट द्यावाच लागतो. तो विसरलात तर शेवटच्या जुळणीनंतर फंक्शन एरर देऊन थांबते आणि गोळा केलेली यादी हाती येत नाही. एक्स्प्रेशनमध्ये चुकून एकही अक्षर नसले तरी जुळणारी फुली (*) पडली, तर कर्सर जागचा हलत नाही आणि लूप अनंतकाळ फिरत राहते. आज्ञा विचारणाऱ्या पट्टीत जिथे एक बॅकस्लॅश (\) लागतो, तिथे लिस्पच्या कोडमध्ये दोन लागतात. म्हणजे एकीकडे तपासून पाहिलेली एक्स्प्रेशन दुसरीकडे जशीच्या तशी चिकटवण्याचीही सोय नाही. आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे शेवटच्या जुळणीची नोंद सगळ्यांत मिळून एकच असते. लूपमध्ये मी बोलावलेल्या दुसऱ्या एका फंक्शनने आत कुठेतरी स्वतःचा शोध घेतला, त्या नोंदीवर त्याची नोंद चढली, आणि माझ्या यादीत सनांऐवजी प्रस्तावनेच्या पहिल्या ओळीतले अर्धवट तुकडे येऊन पडले. ती नोंद जपून ठेवणाऱ्या सेव्ह-मॅच-डेटाचे वेष्टण त्या फंक्शनभोवती घातले की हे टळते, हे मला दुसऱ्या दिवशी रात्री उमगले.

ते दुसरे फंक्शन मुळात लिहावे लागले ते आपल्या आकड्यांमुळे. इतर अनेक भाषांत ‘कोणताही अंक’ यासाठी बॅकस्लॅश-डी लिहितात; ईमॅक्समध्ये ते लिहिले तर अंक मिळत नाही, डी हे रोमन अक्षर मिळते. ‘डिजिट’ या नावाचा अंकांचा वर्ग आहे, पण तो इंग्रजी 0 ते 9 एवढ्यांनाच अंक मानतो. मराठी माणूस ज्या ० ते ९ या आकड्यांत पाढे शिकला, ते त्याच्या लेखी अंकच नाहीत! देवनागरी अंकांची कक्षा हाताने लिहून सन पकडले, तर ‘१८५७’ या मजकुराची संख्या करायला सांगितल्यावर उत्तर शून्य येते. सगळेच सन शून्य झाल्यावर त्यांचा क्रम काय लावणार? पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत हेच काम एका ओळीत होते: त्याची बॅकस्लॅश-डी देवनागरी अंक ओळखते, त्याचे इंट हे फंक्शन ‘१८५७’ची संख्या बिनतक्रार करते, आणि जुळणी व तिची जागा दोन्ही एकदम मिळतात. म्हणजे हे अशक्य नाही, कोणीतरी मनावर घेतले आणि केले. मग लिहिण्यासाठीच असलेल्या एडिटरमधून मजकूर बाहेर काढून तो दुसऱ्या भाषेच्या स्वाधीन करायचा, तर ‘मनात येईल ते करून घ्या’ या शब्दाला अर्थ काय राहिला?

काल रात्री सनांची यादी एकदाची झाली. त्यासाठीच्या फंक्शनच्या ओळी चार नव्हे, एकतीस भरल्या. आज गावांची नावे घेतली, आणि ‘साताऱ्याला’ हा शब्द निम्म्याच ठिकाणी सापडला, कारण दोन टंकलेखकांपैकी एकाने अर्धा र एका प्रकारे साठवला आहे आणि दुसऱ्याने दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. शोधाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. आता दोन्ही रूपे पकडणारी एक्स्प्रेशन लिहायची, दुप्पट बॅकस्लॅश मोजायचे, आणि तेच लूप पुन्हा पहिल्यापासून तपासायचे.