प, फ, ब, भ आणि मी

आमच्या सोसायटीच्या गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रमाचं निवेदन दरवर्षी माझ्याकडे असतं. का, तर एकदा जनरल बॉडी मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावरून मी जरा चढ्या आवाजात बोललो होतो आणि कोणीतरी म्हणालं, यांचा आवाज चांगलाय. झालं, तेव्हापासून सुरूये. बरं, आवाज चांगला असणं आणि माईकवर बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पाच वर्षं कोणी सांगितलंच नाही, कारण कार्यक्रम संपल्यावर सगळे डायरेक्ट वडापावकडे जातात. सहाव्या वर्षी बायकोने सांगितलं. म्हणाली, "तुझा आवाज येत होता, शब्द येत नव्हते."

यंदा साऊंडवाला म्हणून एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आला होता, कानात बाळी, खिशात इन्सुलेशन टेप. मी सवयीने माईक हातात घेतला, जाळीवर टकटक केलं, दोनदा फू फू केलं आणि "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" चालू केलं. तो मिक्सर सोडून उठून आला. "काका, तुमच्या कानात कोणी अशी फुंकर मारली तर चालेल का?" मला फुंकरीपेक्षा काका जास्त लागलं. एक्केचाळीस म्हणजे काय काका?

पण पोरगं हुशार होतं. आपल्याकडे स्टेजवर जो माईक दिसतो ना, आईस्क्रीमच्या कोनासारखा, वर जाळीचा गोळा, ते रूप ओळखीचं केलं शुअर कंपनीच्या १९६६ सालच्या एसएम५८ या माईकने. आमचा काही तो नव्हता, लांबचा चुलत भाऊ असेल, पण स्वभाव तोच. हा माईक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं ऐकून न ऐकल्यासारखं करतो, म्हणून स्टेजवरचा स्पीकर त्याच्या पाठीला ठेवायचा. मी काय करत होतो, तर गायक लोक व्हिडिओत धरतात तसा जाळीचाच गोळा मुठीत धरून बोलत होतो. ती जाळी झाकली की माईकचं मागचं-पुढचं भान सुटतं, तो चहूकडचं ऐकायला लागतो, मग स्पीकरमधला आवाज माईकमध्ये, माईकमधला परत स्पीकरमध्ये, आणि त्या गोल गोल फिरण्यातून जी कुंईंईं शिट्टी निघते तिच्यामुळे पहिल्या रांगेतल्या आजी पाच वर्षं माझ्याकडे रागाने बघत होत्या. मी साऊंडवाल्याकडे रागाने बघत होतो.

मग अंतर. हनुवटीजवळ, ओठांपासून चार बोटं. चिकटून बोललं की आवाजाला खर्ज चढतो, अगदी रेडिओवर बोलल्यासारखं वाटतं, मला तर ते फार आवडलं होतं, पण पत्र्याच्या पार्किंगमध्ये तो खर्ज घुमतो आणि लोकांना फक्त गुबूगुबू ऐकू येतं. लांब धरला तर वेगळीच बोंब, अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, मग तो मिक्सरवर वाढवतो, मग परत शिट्टी. म्हणजे तंबोऱ्यापेक्षा नाजूक प्रकरण, आणि आम्ही ते नारळ फोडल्यासारखं वापरतो.

खरा घोळ मात्र पुढेच होता. मी "प्रमुख पाहुणे" म्हटलं आणि स्पीकरमधून भप्प भप्प असे दोन फटाके फुटले. दुसऱ्या रांगेतलं एक बाळ दचकून रडायला लागलं. पोरगं म्हणालं, काका, प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो, तो सरळ जाळीवर आदळतो. मी हातातला कागद बघितला. प्रास्ताविक. प्रमुख पाहुणे. पुष्पगुच्छ. परीक्षक. पारितोषिक. आभार प्रदर्शन. आपली स्टेजवरची मराठी ज्याने कोणी बनवली त्याने माईक बघितलेला नव्हता, एवढं नक्की. उपाय सोपा होता, माईक किंचित बाजूला तिरपा धरायचा, म्हणजे झोत शेजारून निघून जातो. पण तिरपं धरायला गेलो की मानच तिरपी व्हायची.

शेवटी त्याने वैतागून माईक स्टँडला लावून दिला. स्टँडचा स्क्रू ढिला होता. मी पाहुण्यांचा परिचय वाचायला घेतला तेव्हा माईक हनुवटीशी होता, त्यांच्या शिक्षणापर्यंत तो गळ्याशी आला, नोकरीपर्यंत छातीशी, आणि मी आवाज जाऊ नये म्हणून त्याच्या मागोमाग वाकत वाकत चाललेलो. सामाजिक कार्याला पोचलो तेव्हा मी जवळजवळ त्यांच्या पाया पडत होतो. पाहुणे बिचारे संकोचून उभे राहिले आणि मला खांद्याला धरून उठवलं. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं काय नम्र माणूस आहे.

नंतर गाणी झाली, चौथ्या मजल्यावरच्या वहिनी वरच्या सुराला माईक लांब न्यायचा तर तोंडात घालत होत्या, पण ते आता जाऊदे, मी कोणाला बोलणार.

घरी येऊन मी पुढच्या वर्षीचं निवेदन आत्ताच लिहून काढलं. म लाही ओठ मिटतात पण त्याची हवा नाकातून जाते, म्हणून म ला माईक घाबरत नाही. तेव्हा प्रमुख पाहुण्यांचे झाले मुख्य अतिथी, पुष्पगुच्छाच्या जागी शाल-नारळ (श्रीफळ नाही, त्यात फ आहे), पारितोषिकाचं इनाम, आणि आभाराऐवजी नुसतं धन्यवाद. सेक्रेटरींना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा वर केला. "अहो, हा गणपतीचा कार्यक्रम आहे की बँकेतला हिंदी पंधरवडा? आणि शेवटी 'गणपती बाप्पा' कसं म्हणणार मग?"

ते मी ठरवलंय. माईक पब्लिककडे करायचा, 'गणपती बाप्पा' त्यांनी म्हणायचं. 'मोरया' मी म्हणेन.