दोन रकान्यांबद्दल तुमचा आक्षेप

नमस्कार. लहान मुलांना पैसा-व्यवहार शिकवण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'गरज' आणि 'हौस' असे दोन रकाने आखून मी पाच-सहा वर्षांच्या मुलांना आतापासूनच हिशेबी बनवतेय, आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याला सगळ्यांदेखत आपलं उणं मोजायला लावतेय, असं तुम्ही लिहिलंय; हा विषयच लहानांचा नाही, असंही.

यातला दुसरा मुद्दा मला पटला आणि लागलाही. एकदा या रकान्यांत वस्तूंची चित्रं चिकटवताना चष्मा आला. एका मुलीनं तो झटकन हौसेच्या रकान्यात लावला. शेजारच्या मुलानं डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या हातात ठेवला नि म्हणाला, "आता मला फळ्यावरचं काहीच दिसत नाही." शेवटी दोघांनी मिळून ते चित्र मधल्या रेघेवर चिकटवलं. एकाची हौस दुसऱ्याची गरज असू शकते, हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं.

पण म्हणून हा विषयच लहानांचा नाही, हे मात्र मला मान्य नाही. मुलांच्या डोक्यात याविषयीच्या समजुती आधीच असतात. दुकानदार सुटे परत देतो, म्हणजे पैसे दुकानातच मिळतात, असं या वयाची बरीच मुलं अगदी मनापासून मानतात. मग मोठी माणसं रोज कामाला का जातात, याचा त्या पैशांशी संबंधच लागत नाही.

म्हणून मी चिठ्ठ्यांचा खेळ घेते. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या: माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय. शिडीवाल्याला दुर्बीण हवी, दुर्बीणवाल्याला होडी, होडीवाल्याला शिडी. कुणाचीच थेट अदलाबदल जमत नाही. वर्गभर गलका होतो आणि तिघं अडकून उभे राहतात. जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानं १८७५ मध्ये वस्तुविनिमयाची नेमकी हीच अडचण मांडली होती. मग मी पैसे म्हणून बटणं वाटते, ती सगळ्यांनी घ्यायची असं ठरतं, आणि अडलेले व्यवहार भराभर सुटतात. यात हिशेब फार थोडा असतो हो. मूल सारा वेळ दुसऱ्याला विचारत फिरतं, "तुला काय हवंय?"

पुढे खेळात रस्त्यावरचा दिवा येतो. तो एकट्यानं विकत घेतला तरी उजेड सगळ्यांनाच. म्हणून प्रत्येकानं डब्यात एक बटण टाकायचं. गेल्या वेळी एकानं मूठ उघडलीच नाही. "उजेड तर त्यालापण मिळणार!" म्हणून बाकीचे असे चिडले, की कर का भरायचा हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर ते कोष्टक मी लेखातून काढलंय. तिथे हा खेळ देतेय, आणि एक सूचना जोडतेय: घर, कपडे, खेळणी यांतलं काहीही चिठ्ठीवर लिहायचं नाही. शिडी, दुर्बीण, होडी अशाच वस्तू घ्यायच्या, ज्या वर्गात कुणाच्याच दप्तरात नसतात.