सीटेटला ‘ऑल इंडिया लायसन्स’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. डीएडच्या आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर, आमच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर, आणि शेवटी चौथीला माझ्या वर्गात असलेल्या एका मुलीकडून. तिनं खाली फक्त लिहिलं होतं, ‘सर, खरंय का?’

मेसेज होता सीटेटबद्दल, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल. मजकूर थोडक्यात असा: सीटेट म्हणजे शिक्षकाचं ऑल इंडिया लायसन्स. एकदा पास झालात की आयुष्यभर वैध. कुठल्याही राज्यात जा, तिथली वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. पहिलीपासून बारावीपर्यंत काहीही शिकवता येतं. तुमचं आरक्षण देशभर लागू. आणि आधीच नोकरीत असाल तर दुसऱ्या राज्यात बदली करून घेता येते.

मी देगलूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्या एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. सोयरिकी तिन्हीकडे. त्यामुळे ‘लग्नानंतर तिकडे नोकरी लागेल का’ हा प्रश्न आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतो, आणि असल्या मेसेजवर विसंबून लोक खरोखर निर्णय घेतात. म्हणून हे लिहितोय.

आयुष्यभर वैधतेची गोष्ट खरी आहे, ती आधीच मान्य करतो. पूर्वी टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं (केंद्राची ती सीटेट, राज्यांची वेगळी), प्रमाणपत्र सात वर्षं चालायचं. जून २०२१ मध्ये केंद्रानं ती मुदत काढली, आणि ११ फेब्रुवारी २०११ पासूनच्या सगळ्या प्रमाणपत्रांना ते लागू केलं. मेसेजातलं एवढं एक वाक्य जसंच्या तसं ठेवा.

‘लायसन्स’ हा शब्द मात्र मुळातच चुकीचा. डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते, वकिलाची सनद बार कौन्सिलकडे. अमेरिकेत प्रत्येक राज्य शिक्षकाला खरोखरीचा परवाना देतं. आपल्याकडे शिक्षकाला तसा परवाना कुणी देत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार किमान पात्रता ठरवण्याचं काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आलं, आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनं टीईटी त्या पात्रतेत घातली. किमान पात्रता, बस्स. ती असली की अर्ज करता येतो. पुढे नेमणूक कशी करायची हे ज्याची शाळा त्याच्या हातात.

सीटेटच्या माहितीपुस्तिकेतच ती कुठे चालते हे लिहिलेलं असतं. केंद्रीय विद्यालयं, नवोदय, तिबेटी शाळा, चंदिगड, अंदमान, दिल्ली वगैरे. विनाअनुदानित खासगी शाळांनी ती धरली तर धरावी. आणि राज्य सरकारच्या, स्थानिक संस्थांच्या, अनुदानित शाळा? त्यांनी राज्याची टीईटी बघायची. राज्यानं स्वतःची टीईटी घ्यायची नाही असं ठरवलं तर सीटेट धरता येईल. प्रत्यक्षात महाराष्ट्रासह बरीच राज्यं स्वतःची टीईटी घेऊनही सीटेट मान्य करतात. पण ती त्यांची मर्जी आहे. राजस्थान आपल्या प्राथमिक शिक्षकांच्या भरतीत रीटच, म्हणजे स्वतःची टीईटीच, मागतं.

आता ‘तिथली वेगळी परीक्षा नाही’ हा मुद्दा. यात सगळ्यात जास्त मुलं फसतात. आपल्याच राज्याचं घ्या. सीटेट मान्य आहे, पण शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर यादी लागते ती टेटच्या, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर. दोनशे प्रश्न, दोनशे गुण, दोन तास. त्यात पास-नापास नाही, जास्त गुण असलेला वर, एवढंच. सीटेटमध्ये तुम्हाला नव्वद पडले काय नि एकशे तीस पडले काय, या यादीत त्याचा एक गुणसुद्धा धरत नाहीत. टीईटी आणि टेट या दोन नावांनी तर इतका घोळ घातलाय की सीटेट झालेली पोरं ‘टेट झाली’ म्हणून निर्धास्त बसतात आणि टेटचा फॉर्म भरायचाच राहतो. टेट दर वर्षी होत नाही, हे त्यांना नंतर कळतं. २०१७ नंतरची थेट २०२३ मध्ये झाली, त्यानंतरची २०२५ मध्ये. मधल्या काळात किती जणांची वयोमर्यादा उलटली असेल ते तुम्हीच मोजा.

बाहेरही हेच. उत्तर प्रदेशात सीटेट किंवा तिथली यूपीटीईटी चालते, पण २०१९ मध्ये ६९,००० जागांसाठी सहायक अध्यापकांची वेगळी परीक्षा झालीच. राजस्थानात रीटनंतर मुख्य परीक्षा. बिहारमध्ये लोकसेवा आयोगाची. केंद्रीय विद्यालयांतसुद्धा सीटेटनंतर त्यांची स्वतःची परीक्षा आणि निवड प्रक्रिया असतेच.

‘पहिली ते बारावी’ हे तर मेसेज लिहिणाऱ्यानं माहितीपुस्तिका उघडलीच नसल्याचं लक्षण. सीटेटचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. नववीपासून पुढे सीटेटचा संबंधच नाही, तिथं पदवी, पदव्युत्तर आणि बीएड बघतात. शिवाय बीएड करून पहिला पेपर पास झालेल्यांची एक वेगळीच पंचाईत आहे. २०१८ च्या अधिसूचनेनं बीएडवाल्यांना प्राथमिकचं दार उघडलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ते बंद केलं. आता पहिली ते पाचवीला डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकाची दोन वर्षांची पदविका, लागतं. त्या मधल्या वर्षांत पहिला पेपर पास झालेले कितीतरी बीएडवाले ते आजन्म वैध प्रमाणपत्र जपून ठेवून आहेत, आणि नव्या प्राथमिक भरतीत ते दाखवून उपयोग नाही. खुल्या विद्यालयाच्या, म्हणजे एनआयओएसच्या अठरा महिन्यांच्या डीएलएडचाही असाच वाद नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयात गेला आणि तो दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीचा नाही असं ठरलं. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये आधीपासून सेवेत असलेल्या काहींना सूट मिळाली. तेव्हा पदविका कुठली, कधीची, किती महिन्यांची, हे आधी बघा.

यावर ग्रुपवर एकानं राज्यघटना काढली. अनुच्छेद १६ प्रमाणे राज्याला रहिवासाची अट घालताच येत नाही, म्हणाला. बरोबर आहे, तो अधिकार संसदेचा. आणि याच विषयावर, शिक्षक भरतीवरच, २००२ चा निकाल आहे. राजस्थाननं त्या जिल्ह्यातल्या आणि ग्रामीण भागातल्या उमेदवारांना जादा गुण दिले होते, कैलाशचंद्र शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केले. पण त्यानं बाहेरच्यांसाठी रान मोकळं झालं असं नाही. भाषेची अट घालता येते, माध्यमाची घालता येते. गोव्यात सरकारी नोकरीच्या जाहिरातीत १५ वर्षांचं वास्तव्य आणि कोकणीचं ज्ञान मागतात. मराठी येणं ‘इष्ट’ असतं, म्हणजे सावंतवाडी-दोडामार्गच्या मुलांना वाटतं तितकं ते पुरेसं नसतं. बिहारनं जून २०२३ मध्ये रहिवासाची अट काढली, बाहेरचे उमेदवार मोठ्या संख्येनं गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं परत स्थानिकांना प्राधान्य देण्याचा निर्णय घेतला. दोन वर्षांत वारं फिरलं. तुमचं लायसन्स त्या दोन वर्षांत तेच होतं.

तेलंगणाची गोष्ट आमच्या अगदी दारातली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिथं राष्ट्रपतींचा आदेश आहे, अनुच्छेद ३७१-ड खालचा, २०१८ चा. जिल्हा संवर्गातल्या ९५ टक्के जागा स्थानिकांना. स्थानिक कोण? साधारणपणे, पहिली ते सातवीतली बहुतेक वर्षं ज्यानं त्या जिल्ह्यात काढली तो. पदवी कुठली, सासर कुठलं, आधार कार्डावर पत्ता कुठला, याला त्यात जागा नाही. म्हणजे देगलूरला सातवीपर्यंत शिकलेली मुलगी मदनूरला नांदायला गेली, तिथं दहा वर्षं राहिली, तेलुगू फाडफाड बोलायला लागली, तरी शिक्षक भरतीत ती बाहेरचीच. उरलेल्या पाच टक्क्यांत तिनं सगळ्यांशी झुंजायचं. आदिलाबादकडे मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, आपली मुलं तिकडे आशेनं बघतात, पण हा नियम तिथंही आहेच.

मला प्रश्न विचारणारी मुलगी तांड्यावरची. बंजारा. तिच्या मोबाइलवर मेसेजातली जी ओळ पिवळ्या रंगात होती ती ही: ‘तुमचं आरक्षण देशभर लागू.’

बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) मध्ये आहे. तेलंगणात, लंबाडा या नावानं, अनुसूचित जमातीत. कर्नाटकात अनुसूचित जातीत. एकच बोली, एकच फेटिया-कांचळी, एकमेकांत लग्नं, आणि चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत तीन वेगवेगळे प्रवर्ग. मग साहजिकच वाटतं की लग्न करून तिकडे गेलं की तिकडचा प्रवर्ग मिळेल. मिळत नाही. जातीचं प्रमाणपत्र मूळ राज्याचं, बहुधा वडिलांकडून आलेलं. लग्नानं ते बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९० मध्ये हे सांगितलं, आणि ते प्रकरण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचं होतं: आंध्रात जमातीत असलेल्या कुटुंबातला विद्यार्थी, महाराष्ट्रात त्याला तो लाभ मिळाला नाही. २०१८ मध्ये बीरसिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तेच राज्यांच्या नोकऱ्यांबाबत पुन्हा सांगितलं. एका राज्यातली अनुसूचित जात-जमात दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झाली की तिथल्या सेवेत त्या आरक्षणावर हक्क सांगता येत नाही.

धनगर, वंजारी, बंजारा या आपल्याकडच्या अ-ब-क-ड रकान्यांचं तर आणखी अवघड. इतर राज्यांच्या अर्जात हे रकाने जसेच्या तसे नसतातच. उमेदवार खाली-वर बघतो आणि शेवटी ‘खुला’वर टिचकी मारतो. केंद्राच्या भरतीत केंद्राची ओबीसी यादी चालते, तिथं नाव असेल तर वेगळं नॉन-क्रिमीलेअर लागतं, राज्याचं चालत नाही. हे तहसीलमध्ये अर्ज करतानाच सांगून घ्यावं. नंतर पुन्हा हेलपाटे पडतात.

मी तिला एवढंच लिहिलं की सासर ठरवताना हा हिशोब धरू नको, आणि महाराष्ट्रातली टेट सोडू नको. तिनं अंगठा पाठवला. खुश होऊन पाठवला नसावा.

शेवटचं, ‘नोकरीत असाल तर बदली’. केंद्रीय विद्यालयातल्या शिक्षकाची बदली देशात कुठेही होते, हे खरं. त्याची सेवाच अखिल भारतीय आहे. आमची तशी नाही. जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक जिल्ह्याच्या संवर्गातला. नांदेडहून लातूरला जायचं तर आंतरजिल्हा बदलीच्या ऑनलाइन यादीत वर्षानुवर्षं नाव ठेवावं लागतं, आणि बदली झाल्यावर नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता शेवटून सुरू होते. माझे एक सहकारी बावीस वर्षांच्या नोकरीनंतर गावाकडे गेले आणि ज्येष्ठता यादीत आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या खाली लागले. हसत सांगतात, पण सांगतातच.

राज्याबाहेर बदली हा प्रकारच नाही. तिकडची जाहिरात बघायची, तिकडची परीक्षा द्यायची, इकडून ना-हरकत घेऊन योग्य मार्गानं अर्ज करायचा, निवड झाली तर इथं राजीनामा देऊन तिथं नव्यानं रुजू व्हायचं. नवा परिविक्षा काळ, नवी ज्येष्ठता, आणि मूळ वेतन टिकवून मिळेल की नाही ते त्या राज्याच्या नियमांवर. इथून तिथं जसंच्या तसं जातं ते म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतलं खातं. त्याचा बारा आकडी प्रान नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो.